भिगवणपर्यंत, सावकाश

माझ्या थोरल्या नणंदेला आजवर कोणीही, कशालाही, नाही म्हणू शकलेलं नाही. म्हणजे लोकांची नाही म्हणायची तयारी असते, तोंडही उघडलेलं असतं, पण तोवर वन्सं म्हणून गेलेल्या असतात, "ते आपलं ठरलंय ना." कधी ठरलं, कुणी ठरवलं, आपण तिथे होतो का, हे आठवत माणूस उभा राहतो, आणि वन्सं पुढच्या कामाला लागतात. त्या मला बघायला आल्या तेव्हा माझे वडील नुकते कुठे पत्रिकेचा विषय काढत होते. वन्संनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ते आपलं ठरलंय ना. मुहूर्त सकाळचा धरा, म्हणजे जेवणं वेळेवर होतात." आपण होकार नक्की कधी दिला, हे वडील पुढे कित्येक वर्षं आईला विचारत होते. वन्संच्या पित्ताशयातले खडे काढायला हवेत असं एका सर्जनने सांगितलं, तेव्हा त्यालाही त्या म्हणाल्या, "हो, पण ते पुढच्या वर्षी, असं आपलं ठरलंय ना." त्या बिचाऱ्याने स्वतःची डायरी उघडून पाहिली.

नोकरी त्यांनी छापखान्यात केली. छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. छापखान्याने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांच्या डोळ्यांना ते कुणी कळवलं नाही. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, सोसायटीच्या सूचना, रिक्षांच्या पाठीवरचे आशीर्वाद, सगळं त्या तपासतात. पर्समध्ये लाल पेन्सिल असते आणि एक खडू. लग्नाच्या निमंत्रणपत्रिका आमच्याकडे सगळ्यांना येतात, वन्संकडून त्या दुरुस्त होऊन परत जातात. एका वधूपित्याने फोन करून विचारलं होतं, "मग तुम्ही येताय ना?" वन्सं म्हणाल्या, "येणार. पण 'आशीर्वाद'मधला रफार आधी जागेवर बसवा."

तर अशा या वन्सं वयाच्या बासष्टाव्या वर्षी सायकल शिकल्या. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत आजही लोक कालगणना तिथपासून करतात. वन्संनी जिन्याखालच्या जिमीचा दरवाजा वाकवला त्याच्या आधी आणि नंतर. जिमी हा तळमजल्यावरच्या गृहस्थांचा कुत्रा, आणि दरवाजा त्याच्या घराचा. जिमी तेव्हा आत नव्हता, पण त्याने ते मनाला लावून घेतलं. वन्सं सलवार-कमीज घालून, केसांना रुमाल बांधून, भावोजींची जुनी काळी सायकल पार्किंगमध्ये गोल गोल फिरवायच्या. जिमीचे मालक खुर्ची टाकून बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही सायकल शिकताय की ती तुम्हाला शिकवतेय?" वन्सं पडल्या पडल्या म्हणाल्या, "दोघी मिळून शिकतोय. तुम्ही तेवढे पाय आत घ्या."

भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान, हे सगळं दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघायचे. भावोजींबद्दल इथेच सांगायला हवं. पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं हा माणूस सायकलने जाऊन-येऊन होता. उन्हापावसात. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत छातीत दुखायला लागलं आणि हृदयाच्या दोन नळ्यांत स्प्रिंगा बसवल्या. स्प्रिंगा छान बसल्या. बिघडलं ते बाकीचं. डॉक्टर म्हणाले, आता सगळं करा, चाला, फिरा. भावोजी म्हणाले, "डॉक्टरांचं काय जातंय बोलायला." आणि ते खुर्चीत बसले. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. चहा येण्याआधी नाडी, चहा झाल्यावर नाडी. टीव्हीवर बातम्या लागल्या की नाडी. बोलताना मधेच गप्प व्हायचे आणि आपल्याला वाटायचं आपलं काही चुकलं, मग म्हणायचे, "चौऱ्याहत्तर. हं, काय म्हणत होतीस?" दीड वर्षात ते सोसायटीच्या फाटकाबाहेर दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा दवाखान्यात.

अशा माणसाला चौथ्या दिवशी गॅलरीत राहवेना. "हँडल आवळून धरू नकोस," ते वरून म्हणाले. वन्संनी आणखी आवळलं. "समोर बघ, चाकाकडे काय बघतेस." वन्संनी चाकाकडे बघितलं आणि मोटारींमध्ये शिरल्या. पाचव्या दिवशी भावोजी जिना उतरून खाली आले. पंधरा दिवसांनी मी सोसायटीमागच्या शाळेच्या मैदानावर गेले, तर वन्सं सायकलवर बसून सरळ रेषेत चाललेल्या, आणि मागे कॅरियर धरून भावोजी पळत होते. पळत. धापा टाकत, ओरडत, "पायडल मार, मार पायडल." मी वन्संकडे बघितलं. वन्सं समोर बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, मुद्रित तपासताना असतं तसं.

बाकी सगळं जमलं, एक सोडून. वन्संना सायकलवरून उतरता येईना. ब्रेक दाबला की सायकल थांबायची, तिच्यासकट वन्सं थांबायच्या, क्षणभर विचार करायच्या आणि मग पूर्ण शांतपणे डावीकडे कलायच्या. त्यामुळे डावीकडे काहीतरी लागायचं. पायरी, कठडा, मैलाचा दगड, नाहीतर उभा माणूस. एकदा चौकात तांबडा दिवा लागला, तेव्हा त्यांनी वाहतूक पोलिसाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने हिरवा दिवा लागेपर्यंत खांदा हलवला नाही, आणि मग म्हणाला, "या आता, मावशी."

पौष महिन्यात एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवत होतो. वन्सं आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "आपलं भिगवणला जायचं ठरलंय ना. सायकलने. रोहित पक्षी आलेत तिकडे, सगळं पाणी गुलाबी झालंय म्हणतात." भावोजींचा हात ताटातून मनगटाकडे गेला. "भिगवण शंभर किलोमीटर आहे," ते म्हणाले. वन्सं म्हणाल्या, "म्हणून सहा दिवस ठेवलेत. बैलगाडी जाते तेवढं जायचं. मधे चढ नाही, मी नकाशा बघितलाय." माझ्या नवऱ्याने बहिणीला सायकल आणि मेहुण्यांचं हृदय अशा दोन्ही मुद्द्यांवर समजवायला सुरुवात केली. वन्सं त्याला म्हणाल्या, "तू काळजी करशील म्हणून हिला बरोबर न्यायचं ठरलंय ना. स्कूटरवर सामान घेऊन." मी माझ्या शिल्लक रजा मोजल्या. सहाच होत्या. त्यांना ते कसं माहीत, हे मी अजून विचारलेलं नाही.

तर आमची वरात निघाली. पुढे भावोजी, डोक्याला मफलर, सायकलला आरसा. मधे वन्सं, खुर्चीत बसल्यासारख्या ताठ, अखंड घंटी वाजवत. मागे मी. स्कूटरच्या पुढच्या जागेत पिशवी, मागे पिशवी, आणि डिकीत वन्संचा लोखंडी खलबत्ता. आलं ताजं कुटलेलं नसेल तर चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, असं त्यांचं मत आहे आणि त्यासाठी त्या खलबत्ता कुठेही नेतात. स्कूटर त्या वेगाने चालत नाही, त्या वेगाने ती पडते. पहिल्या दिवशी लोणी काळभोरपर्यंत मी तीनदा पडले, वन्सं एकदाही नाही. कारण भावोजींनी युक्ती काढली होती. ते पुढे जाऊन जागा हेरायचे आणि ओरडायचे, "डावीकडे पार आहे." मग वन्सं सावकाश पाराला लागायच्या, बोट धक्क्याला लागते तशा. आम्हाला कुठे थांबायचं आहे, दमलोय की नाही, तहान लागलीय का, या कशालाच अर्थ नव्हता. जिथे दगड तिथे मुक्काम. दगड चांगला असला तर चहा.

लोणीनंतर मोठा रस्ता सोडून आम्ही कालव्याच्या कडेचे रस्ते धरले. एका बाजूला पाणी, एका बाजूला ऊस, आणि मधे घंटी. वन्सं गुरांना घंटी वाजवायच्या, विजेच्या खांबांना वाजवायच्या, उभ्या ट्रॅक्टरला वाजवायच्या. आणि गावोगावच्या पारांवर म्हातारी माणसं बसलेली असतातच. वन्सं पाराला लागताना त्यांतल्या कुणाच्या तरी खांद्यावर हात पडायचा, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ जायचा नाही.

"कुनीकडनं आलाव?" एकाने खांदा चोळत विचारलं.

"पुण्याहून."

"सायकलीवर? मोटार बिघडली व्हय?"

"मोटार चांगली आहे," वन्सं म्हणाल्या. "घरी आहे."

म्हाताऱ्याने याच्यावर बराच वेळ विचार केला. मग तो भावोजींना म्हणाला, "पावनं, बसा. तुमचं काय तरी अवघड हाय." आणि त्याने त्यांच्यासाठी घरून ताक मागवलं. भावोजी ताक प्यायले आणि मिशी पुसत म्हणाले, की असं ताक त्यांनी लहानपणानंतर प्यायलं नव्हतं. नाडी बघितली, पण ताकानंतर बऱ्याच वेळाने.

यवतजवळ एका खानावळीच्या पाटीपाशी वन्संनी दगड नसताना थांबण्याचा आग्रह धरला. मी पळत जाऊन डावीकडे उभी राहिले. पाटीवर 'शूद्ध शाकाहारी' असं लिहिलं होतं. वन्संनी खडू काढला, दारातल्या स्टुलावर चढल्या आणि दीर्घ उकार खोडून ऱ्हस्व केला. मालक हातातला झारा घेऊन बाहेर आला. "काय झालं, आजी?" वन्सं म्हणाल्या, "तुमचं सगळं शाकाहारी आहे, फक्त 'शुद्ध' तेवढं अशुद्ध होतं." मालकाने पाटीकडे बघितलं, वन्संकडे बघितलं, आणि आत ओरडला, "तीन पिठलं-भाकरी लाव. नीट लाव." जेवताना तो दर दोन मिनिटांनी येऊन फळ्यावरच्या पदार्थांची नावंही तपासून घेत होता.

केडगावच्या पुढे गुऱ्हाळ लागलं. दगड नव्हता, उसाच्या मोळ्यांचा ढीग होता. वन्सं ढिगाला लागल्या आणि ढीग सरकला. त्या उसासकट खाली आल्या, आणि गुळवे, म्हणजे कढईपाशी गूळ करणारे गृहस्थ, धावत आले. लागलं काही नव्हतं. माफी म्हणून वन्संनी सगळ्यांसाठी आल्याचा चहा केला, आणि त्यांनी आम्हाला पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. भावोजी दीड वर्षं चहात साखर मोजून घालत होते. त्यांनी तो गूळ बोटाने उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटले. पुन्हा उचलला. चौथ्या वेळेला एकदम भान आलं आणि बोटं मनगटावर गेली, पण ती गुळाने माखली होती, ती मनगटाला चिकटली.

"काय म्हणतेय?" वन्संनी विचारलं.

"चालू आहे."

"मग पान पुसून घ्या."

पाचव्या दिवशी पाटस केव्हाच मागे पडलं होतं आणि भिगवण आठ-दहा किलोमीटरवर आलं होतं. कालव्याचा रस्ता सरळ होता, दोन्हीकडे पुरुषभर ऊस, आणि माणूस नाही, पार नाही, दगड नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. भावोजी त्या दिवशी मागे होते. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. वन्सं घंटी वाजवत चालल्या होत्या, मी त्यांच्या मागे तोल सांभाळत. बऱ्याच वेळाने वन्सं म्हणाल्या, "अगं, मागे बघ गं, हे आहेत ना." मी बघितलं. रस्ता दिसेल तिथवर मोकळा होता.

"अहो," वन्संनी हाक मारली. मग मोठ्याने, "अहो." उसात वारा सळसळत होता, बाकी काही नाही. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही थांबा, मी स्कूटर वळवते." स्कूटर वळवायला रस्ता अरुंद होता आणि पिशव्या आडव्या येत होत्या. मी ती पुढे-मागे करत होते तेवढ्यात धाडकन आवाज आला. वन्संनी सायकल सोडून दिली होती. कुठे पाय, कुठे हात, काही न बघता त्या सरळ खाली पडल्या, उठल्या आणि पळायला लागल्या. एक बूट सायकलपाशीच राहिला. बासष्ट वर्षांची ती बाई एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून धुळीतून पळत होती, आणि आवाज नव्हता. वन्सं गप्प असलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. मी स्कूटर तिथेच टाकली आणि त्यांच्यामागे धावले.

मागच्या वळणापलीकडे सगळा रस्ता मेंढरांनी भरला होता. मधे भावोजींची सायकल बाभळीला टेकवलेली, आणि शेजारी भावोजी. त्यांच्या दोन्ही हातांत एक कोकरू होतं, ओलं, काही तासांचं असेल. शेजारी एक धनगरीण घोड्यावरचं सैल झालेलं बिऱ्हाड पुन्हा आवळत होती.

वन्सं त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"तुम्हाला हाक मारली," धापा टाकत त्या म्हणाल्या.

"ऐकू आली."

"मग ओ का नाही दिलीत?"

"मेंढरं बुजली असती," भावोजी म्हणाले. मग त्यांनी वन्संकडे नीट बघितलं. गुडघा, मोजा, केसांतली धूळ. त्यांनी कोकरू माझ्या हातांत दिलं आणि वन्संचं मनगट धरलं. घड्याळात बघत उभे राहिले. "एकशे चाळीस," ते हळूच म्हणाले. "बैस बघू खाली. बैस."

वन्सं रस्त्यातच बसल्या. भावोजी शेजारी बसले, मनगट न सोडता. धनगरीण बिऱ्हाड बांधून आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "लई पळाली की म्हातारी," ती मला म्हणाली. "कुनाला काय झालं?"

"कुणाला काही नाही," मी म्हटलं.

"मंग बरं हाय," ती म्हणाली. तिने बांधावरचा दगडीपाला उपटला, तळहातांत चुरडला आणि रस गुडघ्यावर पिळला. वन्संनी ओठ आवळले. मग एकदम त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसण्याचंच होतं असं म्हणायला मी बांधील नाही. भावोजीही हसायला लागले. मेंढरं आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत जात होती, माझ्या हातातलं कोकरू माझी ओढणी चावत होतं, आणि ते दोघं रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसले होते, जणू घरच्या सतरंजीवर.

तिथून भिगवणपर्यंत आम्ही चालतच गेलो म्हटलं तरी चालेल. भावोजी एका हाताने आपली आणि एका हाताने वन्संची सायकल ढकलत होते, वन्सं माझ्या स्कूटरवर मागे, पिशव्या मांडीवर. सहाव्या दिवशी सकाळी नावेतून पाण्यात गेलो. नावाड्याने वल्हं थांबवलं. धुकं होतं, आणि ते हळूहळू उचललं गेलं तसे पक्षी दिसायला लागले, आधी पाय, मग बाकीचे. भावोजी नावेच्या काठावर हात ठेवून बसले होते, दोन्ही हात एकमेकांपासून लांब. नावाडी हळूच म्हणाला, "ह्यो पक्षी लई लांबून येतोय." मग एका क्षणी सगळे एकदम उडाले आणि पंखांखालचा रंग सगळ्या पाण्यावर पसरला. भावोजी म्हणाले, "बघितलंस?" वन्संनी नुसती मान हलवली.

याला आता तीन वर्षं झाली. भावोजी बरे झाले, म्हणजे फारच बरे झाले. साठीच्या पुढच्या लोकांचा एक सायकलींचा गट आहे, त्यात ते गेले. नवी हलकी सायकल घेतली, डोक्याला शिरस्त्राण, अंगाला चिकटणारे चकचकीत कपडे. रविवारी पहाटे निघतात, कात्रजचा घाट चढून पलीकडे जाऊन नाश्त्याला परत. वन्संचा गुडघा त्या पडण्यानंतर पूर्वीसारखा झाला नाही. थंडीत आखडतो. "मी कुठे येऊ त्यांच्या वेगाने," त्या म्हणतात, आणि त्यात तक्रार मुळीच नसते.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. वन्संनी पोहे करून झाकून ठेवले होते आणि खिडकीपाशी बसल्या होत्या. नऊच्या सुमारास भावोजी आले, घामाने निथळत, लालबुंद. किती वेळात घाट चढला, कुणाला मागे टाकलं, उतारावर वेग किती होता, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. वन्सं ऐकत होत्या, हातात टॉवेल धरून.

"पांगारा फुललाय का हो घाटात?" त्यांनी विचारलं. "या दिवसांत फुलतो."

भावोजी थांबले. आठवायला लागले. बराच वेळ आठवत होते.

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

"असू दे," वन्सं म्हणाल्या, आणि पोहे गरम करायला आत गेल्या. भावोजी बूट काढायला खाली बसले. एक नाडी सोडली, दुसरीला हात घातला, आणि ती तशीच बोटांत धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसून राहिले.